आते, तळटिपा छापल्या!

आते, काल हॉलमध्ये खुर्च्या कमी पडल्या!

खोटं सांगत नाही. लायब्ररीच्या खालच्या मजल्यावरचा तोच हॉल. आपल्या पहिल्या पुस्तकाच्या प्रकाशनाला तिथे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं होती, आणि त्यातला एक गृहस्थ वॉशरूम शोधता शोधता आत आला होता. तू त्यालाही बसवून घेतलंस, एक प्रत विकलीस आणि मगच वॉशरूम दाखवलीस. काल मात्र बाहेर उणे पंचवीस असताना लोक आले. दाराशी बुटांचा ढीग, भिंतीला टेकून उभी माणसं, खिडकीच्या कट्ट्यावर बसलेली पोरं. लायब्ररीची मुलगी वरून आणखी खुर्च्या आणत होती आणि तरी पुरत नव्हत्या. मला तुला ताबडतोब फोन करायचा होता. मोबाइल हातात घेतलासुद्धा.

म्हणून हे लिहितेय. तेही मराठीत, कारण तुझी ती तक्रार अजून कानात आहे. "मीना, माझ्या पुस्तकांतला प्रत्येक स्वल्पविराम तू हलवलास, पण तुझ्या भाषेत माझ्याबद्दल एक ओळ कधी लिहिली नाहीस." मी म्हणायचे, लिहिलं तरी तुला कुठे वाचता येणार आहे? तर तू म्हणायचीस, "तू मोठ्याने वाच, मी बरोबर जागी हसेन." आपण आयुष्यभर इंग्रजीत बोललो आणि त्यात तू-तुम्ही काही नसतं. मराठीत मला निवड करावी लागतेय. तू माझ्याहून मोठी, प्राध्यापक, आणि तरी हात आपोआप 'तू'च लिहितोय. चालेल ना?

'आते'चा घोळ आठवतो? पहिल्यांदा तुझ्याबरोबर फिलिपिनो ग्रोसरीत आले तेव्हा काउंटरवरची मुलगी, मासे साफ करणारा माणूस, सगळे तुला 'आते रेमी, आते रेमी' करत होते. मला वाटलं, बाईला भाचरं किती! मग तू सांगितलंस की आते म्हणजे मोठी बहीण. मी म्हटलं, आमच्याकडे त्याच्या अगदी जवळचा शब्द आहे, आत्या, म्हणजे वडिलांची बहीण. तू गाडी सुरू करायची थांबलीस. "म्हणजे मी तुझी आत्याही आणि ताईही? मग तर तुला माझं ऐकावंच लागेल." तेव्हापासून ऐकतेच आहे. भांडत भांडत, पण ऐकतेच आहे.

मी तेव्हा गावातल्या एका संस्थेत पुस्तकांचं संपादन करायचे. संपादन म्हणजे काय, दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि आपण दिसायचं नाही. तुझं हस्तलिखित आलं आणि मी ते बसमध्ये वाचायला घेतलं. हाँगकाँगमधल्या घरकाम करणाऱ्या बायकांवरचा अभ्यासलेख, त्याला लागून जहाजावरच्या आचाऱ्याची कविता, मग आखातातल्या नर्सेसच्या मुलाखती, आणि मध्येच आईने फोनवरून मुलीला शिकवलेली अडोबोची कृती. जगभर पांगलेले तुझे लोक एका फाइलमध्ये गोळा झाले होते. माझा स्टॉप कधी मागे पडला कळलं नाही. समितीने ते नाकारलं. धड संशोधन नाही, धड साहित्य नाही, असा शेरा होता. पोस्टाने पाठवायचं सोडून मी ते घेऊन तुझ्या दारात आले.

तू एप्रन बांधून दार उघडलंस. घरात लसूण आणि व्हिनेगरचा वास कोंदला होता. मी तोंड पाडून म्हटलं, "समितीने परत पाठवलंय."

"समितीचं राहू दे," तू म्हणालीस. "तुला आवडलं का?"

आते, इतकी वर्षं मी पुस्तकं तपासली, पण हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. लेखकांनीही नाही, साहेबांनीही नाही. मी तुझ्या पायपुसण्यावर उभी राहून बोलत सुटले. बुटांवरचा बर्फ वितळून पाणी झालं तरी माझं बोलणं संपेना. शेवटी तू मला आत ओढलंस, पुढ्यात भात वाढलास आणि म्हणालीस, "मग आपणच छापू."

मनिलाच्या कॉलेजात साहित्य शिकवणारी तू इथे आलीस ती दुसऱ्यांच्या आईवडिलांना अंघोळ घालायला. मग पुन्हा शिकलीस, पुन्हा शिकवलंस. ते सगळं चर्चमध्ये वाचून झालं, मी परत सांगत नाही. मला आठवतं ते तुझं बेसमेंट. फर्नेस आणि फ्रीझर यांच्यामध्ये लावलेलं टेबल, वर टांगलेले कपडे, आणि त्या कपड्यांखाली मान वाकवून आपण जुळवलेली पानं. आणि ते खोके! परदेशातला प्रत्येक फिलिपिनो माणूस घरी पाठवण्यासाठी कमरेएवढा खोका भरत असतो, हे मला तुझ्यामुळे कळलं. त्यात साबण, टॉवेल, चॉकलेटं, डबाबंद मांस. तू गावभर फिरून सांगायचीस, "थोडी जागा ठेव, दोन पुस्तकं टाकते." अशी आपली पुस्तकं समुद्रापार गेली. एका प्राध्यापकांनी कळवलं की प्रतीला साबणाचा वास येतोय. तू ते पत्र फ्रीझरच्या दारावर चिकटवून ठेवलंस. आमचा वसंता, माझा नवरा, जन्मभर पोटॅशच्या खाणीत इंजिनिअर म्हणून राबलेला माणूस, रिटायर झाल्यावर तुझ्या खोक्यांना टेप लावत बसायचा. तुझ्या अंगणातला बर्फ उपसायचा आणि बदल्यात लुंपियाचे तळलेले रोल खाऊन यायचा. घरी आल्यावर जेवायचा नाही. तरीही काल सगळ्यात जास्त तोच रडला, हे तुला सांगायला हवं.

भांडणं मात्र आपण मन लावून केली. परभाषेतला शब्द इंग्रजी पुस्तकात तिरक्या अक्षरात छापायचा, हे मी शिकले होते. तू पहिल्याच दिवशी पेन्सिल खाली ठेवलीस. "माझ्या आईचे शब्द तिरके का उभे करायचे? ती सरळ उभी राहायची." मी म्हटलं, वाचकाला कळायला नको? तू म्हणालीस, "आपल्या सस्काटूनमध्ये प्रत्येकाला एक फिलिपिनो शेजारीण आहे. जाऊन विचारू दे की. त्यानिमित्ताने ओळख तरी होईल." मी हरले.

तळटिपांवर मात्र मी हटत नव्हते आणि तूही. "पानाखाली कुणीतरी शहाणा उभा राहून बोलतोय, हे मला सहन होत नाही," असं तू म्हणायचीस. मी म्हणायचे, तळटीप म्हणजे नम्रता, लेखक खाली बसून खुलासा करतो. तू नाक उडवायचीस.

आणि तो 'ताम्पो'चा दिवस! एका लेखात परदेशी राहिलेल्या आईवर मुलं धरतात त्या ताम्पोबद्दल लिहिलं होतं, आणि लेखिकाबाईंनी इंग्रजीत शब्द वापरला होता फुरंगटणं या अर्थाचा. तू वैतागलीस. "हे चूक आहे. ताम्पोमध्ये राग नसतो. आपलं माणूस येईल, समजूत काढेल, म्हणून वाट बघत गप्प बसलेलं असतं ते. इंग्रजीत याला शब्दच नाही." मी चहाचा कप ठेवून म्हटलं, "आमच्यात आहे. रुसवा." तू उठून उभीच राहिलीस. "परत म्हण." रुसवा. "परत!" मग कितीतरी वेळ आपण दोघी एकमेकींना उदाहरणं देत होतो. नवऱ्याचा रुसवा, लेकीचा रुसवा, जेवणावरचा रुसवा, लग्नात वरमाईचा रुसवा. वसंता वरून ओरडला, "काय चाललंय खाली?" तू ओरडलीस, "आम्हाला शब्द सापडलाय!"

आता शेवटच्या पुस्तकाचं सांगते, कारण ते भांडण अर्धंच राहिलं.

मेरिसेलचा मजकूर तूच मिळवलास. वृद्धाश्रमात काम करणारी, हळू बोलणारी बाई. मुलीला आजीकडे ठेवून ती इथे आली, मुलीला आणायचे कागद व्हायला वर्षांमागून वर्षं गेली, आणि मुलगी आली तेव्हा तिच्या खांद्याला लागत होती. विमानतळावरचा तो प्रसंग तिने लिहिला होता: मुलीसाठी अंदाजाने आणलेलं जॅकेट मनगटापर्यंत पोचलं नाही, आणि मुलीने तिच्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं, तिला ओळखलंच नाही. मी ते वाचून स्वयंपाकघरात उभी राहिले होते, कुकरची शिट्टी झालेलीही कळली नाही. पुस्तकातले सगळे अभ्यासलेख ज्या गोष्टीभोवती फिरत होते ती ही होती.

आणि पुस्तक छापायला जायच्या सुमारास मेरिसेलचा फोन आला, माझं काढून टाका. माझी एंजल वाचेल. तिला वाईट वाटेल.

मी म्हटलं, आपण तिला समजावू, नाव बदलू. तू सरळ म्हणालीस, "काढ."

"आते, मग पुस्तकात उरतं काय?"

"पुस्तक नंतर. ती आधी."

ग्रोसरीच्या पार्किंग लॉटमध्ये, गाडीचा हीटर लावून, आपण भांडलो. मी म्हटलं, तू इतकी वर्षं म्हणतेस की आपल्या लोकांनी लिहायला हवं, आणि लिहिलेलं पुसायला निघालीस. तू म्हणालीस, मी त्यांच्याकडून गोष्टी काढून घ्यायला बसलेली नाही. मी पिशव्या घेऊन उतरले आणि दार जरा जोरातच लावलं. पुढच्याच आठवड्यात तुझे रिपोर्ट आले, आणि मग भांडायला जागाच राहिली नाही.

हॉस्पिटलमध्येही तुझ्या पलंगावर प्रुफं होतीच. नर्सेस तुला आते म्हणायच्या, रक्तदाब घेता घेता पानावर डोकवायच्या. तू विचारलंस, "काढलंस?" मी म्हटलं, "काढलं." खरंच काढलं होतं, आते, जिवावर आलं तरी. तू डोळे मिटून मान हलवलीस आणि माझ्यासमोरच मेरिसेलला फोन लावलास. टागालोगमध्ये बोललीस, मग मला अर्थ सांगितलास. "मी तिला म्हटलं, आम्ही छापत नाही. आता ती गोष्ट फक्त तुझी. दाखवावीशी वाटली तर दाखव, नाहीतर ठेव."

मला अजून वाटत होतं की तू चुकतेस. ते मी बोलले नाही, आणि तूही विचारलं नाहीस. चार दिवसांनी तू गेलीस.

आमच्यात दहावा-तेरावा असतो, तुमच्यात नऊ संध्याकाळी प्रार्थना. मी रोज आले. मला त्या प्रार्थना येत नव्हत्या, मी नुसती ओठ हलवत बसायचे आणि नंतर सगळ्यांबरोबर नूडल्स खायचे. शेवटच्या संध्याकाळी एक मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. युनिव्हर्सिटीचा स्वेटशर्ट, केस वर बांधलेले.

"तुम्ही आते रेमीच्या एडिटर ना? मी एंजल. मेरिसेलची मुलगी."

मी हातातली प्लेट टेबलावर ठेवली.

"आईने मला वाचायला दिलं," ती म्हणाली. "आते रेमींचा फोन आल्यावर. म्हणाली, आता हे छापून येणार नाही, म्हणून तुला दाखवते."

"बरं," मी म्हटलं.

"त्यात चूक आहे."

"कुठे?"

"ती लिहिते मी तिला ओळखलं नाही. मी ओळखलं होतं. काचेच्या दारापलीकडूनच." मग तिने बॅगमधून कागद काढले. "मी काही टिपा लिहिल्यात. कॉलेजच्या पेपरला लिहितो तशा. आकडे घालून, खाली. आईने वाचल्या. ती म्हणते, दोन्ही मिळून छापणार असाल तर छापा. खऱ्या नावानं."

तळटिपा, आते! तुझ्या नाकावर टिच्चून तळटिपा!

मी ते कागद तिथेच, मेणबत्त्यांच्या टेबलाशी, कोट न घालता वाचले. आईने वर लिहिलंय, फोनवर लेक कधी रडायची नाही. खाली मुलीची टीप: 'रडायचे. फोन ठेवल्यावर.' आईने लिहिलंय, जॅकेट लहान झालं. खाली: 'लहान झालं हे खरं. अजून माझ्याकडे आहे.' पुढे पुढे टिपा वाढत जातात. एका पानावर आईच्या दोनच ओळी आहेत आणि बाकी सगळं पान मुलीचं. मी उभ्या आयुष्यात किती तळटिपा तपासल्या असतील, पण टिपांना असं वर चढून बोलताना कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रिंटरला फोन करून सांगितलं, थांबवा. तो म्हणाला, मॅडम, फायली मशीनवर चढल्यात. मी म्हटलं, उतरवा! वसंताने मला इतक्या मोठ्याने ओरडताना पहिल्यांदाच ऐकलं. मग मायलेकी आमच्या बेसमेंटमध्ये आल्या आणि आम्ही पानं नव्याने लावली. एंजल टीप वाचायची, मेरिसेल खिडकीबाहेर बघत बसायची. दोघी एकमेकींशी फारसं बोलत नव्हत्या. पण एकदा मेरिसेलने न बघता आपल्या डब्यातला लुंपिया लेकीकडे सरकवला आणि तिने तो न बघता खाल्ला.

तेव्हा मला कळलं, आते. तू ते काढायला लावलं नसतंस तर मेरिसेलने ते लेकीला दाखवलं नसतं. छापलं असतं तर ती गोष्ट एकटी छापली गेली असती, अर्धी. पार्किंग लॉटमध्ये तुझं बरोबर होतं. आणि पुस्तकाला ती गोष्ट हवीच होती, हे माझंही बरोबर होतं. हे तुला आमनेसामने सांगायला मिळालं असतं तर तू म्हणाली असतीस, "माझं जास्त." आणि मी चहा ओतता ओतता हो म्हटलं असतं. तुझ्याआधी मी लोकांच्या वाक्यांच्या मागे बसून असायचे. तू मला पुढे आणून खुर्चीवर बसवलंस आणि विचारलंस, तुला काय वाटतं. याबद्दल कधी थँक यू म्हटलं नाही मी. आपल्या भाषांत जवळच्या माणसाला ते म्हणत नाहीत, आणि इंग्रजीत ते फार हलकं वाटायचं.

तर काल. मायलेकी माइकसमोर उभ्या राहिल्या. आई वरचं वाचत होती, मुलगी खालचं. विमानतळाचा प्रसंग आला. मेरिसेलने वाचलं, तिने मला ओळखलं नाही. एंजलने वाचलं, मी ओळखलं होतं, काचेच्या दारापलीकडूनच. आणि मेरिसेल थांबली. तिने पुस्तक खाली घेतलं, मुलीकडे वळली आणि टागालोगमध्ये काहीतरी विचारलं. हे पुस्तकात नव्हतं. एंजलने उत्तर दिलं, तेही पुस्तकात नव्हतं. अख्ख्या हॉलने एकदम श्वास घेतला आणि मला एक अक्षर कळलं नाही.

मी सवयीने शेजारी कोपर मारलं. काय म्हणाल्या, काय म्हणाल्या?

शेजारी एक अनोळखी बाई बसली होती, हॉस्पिटलचा युनिफॉर्म घातलेली. तिने माझ्याकडे रागाने बघितलं नाही. माझ्या कानाशी वाकली आणि इंग्रजीत हळूच म्हणाली, "आई विचारतेय, मग हाक का मारली नाहीस? मुलगी म्हणतेय, तू मारशील म्हणून थांबले होते."

पुढे त्यांनी वाचलंच नाही. दोघी तिथेच, माइकच्या वायरमध्ये पाय अडकलेल्या, एकमेकींना धरून उभ्या होत्या. कुणीतरी टाळ्या सुरू केल्या, मग सगळ्यांनीच. उभ्या राहिलेल्यांनी भिंती बडवल्या. वसंता उघड उघड नाक पुसत होता. आणलेल्या सगळ्या प्रती गेल्या, आते. तुझ्यासाठी बाजूला ठेवलेलीसुद्धा एका मुलाने उचलली. मी त्याला अडवलं नाही.

मग लोक उठून जेवणाच्या टेबलांकडे गेले. ती शेजारची बाई उठली नाही. तिने माझी बाही धरली होती आणि ती सोडत नव्हती.

"माझंही आहे एक," ती म्हणाली. "पण मला लिहायला जमत नाही. सांगता येईल."

"कुठून सुरुवात आहे?" मी विचारलं.

"दुबईपासून." तिने पर्समधला फोन काढून बंद केला आणि पुन्हा पर्समध्ये टाकला.

जेवण गार होत होतं, वसंता लांबून हातवारे करून मला बोलावत होता, कुणीतरी खुर्च्या घडी करून भिंतीला लावत होतं. मी वसंताला हातानेच थांब म्हटलं, आणि तिचं ऐकायला लागले.